चार नंबरचा डबा

१

दगडूच्या जागी दगड निघाला असता, तर निदान विनोद तरी झाला असता. निघाली वाळूची पिशवी.

दगडू म्हणजे कासव. वय साठीच्या पुढे, वजन दीड किलोच्या आत, आणि स्वभाव माझ्यासारखा, म्हणजे विनाकारण कोणी हात लावलेला खपत नाही. तो दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या एका निवृत्त मास्तरांचा. हिवाळ्यापुरता त्याचा मुक्काम आमच्या इमारतीत, माझ्या खालच्या मजल्यावर, कासवताईच्या फ्रीजमध्ये.

हो, फ्रीजमध्ये. मीही पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसले होते. पण या जातीची कासवं हिवाळाभर झोपतात. पूर्वी ती बागेतली माती उकरून झोपायची. आता बागांचे वाहनतळ झाले आणि हिवाळ्याचाही भरवसा उरला नाही. मध्येच आठ दिवस ऊन तापतं, कासव अर्धवट जागं होतं, आणि पुन्हा गारठा पडला की खंगून मरतं. म्हणून हल्ली कासवं पाळणारे हौशी लोक त्यांना सरळ फ्रीजमध्ये झोपवतात. पाच अंश, ना कमी ना जास्त. ज्यांना घरी जमत नाही ते कासवताईकडे आणून ठेवतात. तिच्या मागच्या खोलीत काचेच्या दाराचे दोन फ्रीज आहेत, दुकानात थंड पेयांचे असतात तसे, आणि त्यांत यंदा नऊ डबे, नऊ कासवं.

त्या सोमवारी सकाळी सात वाजता कासवताई माझ्या दारात उभी होती. पायांत दोन वेगवेगळ्या चपला, हातात ती पिशवी.

"मावशी," ती म्हणाली, "चार नंबरच्या डब्यात दगडू नाहीये. हे आहे."

मी पिशवी हातात घेतली. थंडगार, ओलसर, आणि जड. चौतीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक होते मी. दुकानदारांचे तराजू तपासण्यात जन्म गेला. हातावर घेतलं की माझा अंदाज फार तर दहा-वीस ग्रॅमने चुकतो.

"ताई," मी म्हटलं, "दगडूचं वजन किती होतं ग?"

"आल्या दिवशी चौदाशे सोळा. आता त्याहून थोडं कमी असणार."

आत नेऊन मी ती पिशवी माझ्या काट्यावर ठेवली. तेराशे त्र्याऐंशी. चोराने वाळू अशीतशी भरली नव्हती, मोजून भरली होती.

२

चहा पाजल्यावर कासवताई जरा थाऱ्यावर आली. मग मी तिच्या मागच्या खोलीत जाऊन बसले आणि तिला पहिल्यापासून सगळं सांगायला लावलं.

तिची पद्धत अशी. रोज सकाळी फ्रीजचं दार दोन मिनिटं उघडायचं, म्हणजे हवा बदलते. दर रविवारी एकेक डबा काट्यावर ठेवायचा. डबा उघडायचा नाही. आत कासव, त्याच्याभोवती कागदाच्या कोरड्या पट्ट्या, झाकणाला हवेची भोकं. उघडलं की झोपमोड होते, म्हणून वजन डब्यासकट. काट्यावरच्या आकड्याचा फोटो काढून लगेच मालकाला पाठवायचा. झोपलेलं कासव दर आठवड्याला थोडं थोडं हलकं होतं. फार हलकं झालं तर धोका, अजिबात झालं नाही तरी काहीतरी गडबड.

"मग आज डबा उघडलास कशाला?"

"तळाशी ओल दिसली. डबा पारदर्शक आहे ना. मावशी, झोपेत कासवाने लघवी केली तर त्याच्या अंगातलं पाणी गेलं असं समजायचं. तेव्हा तासभरसुद्धा थांबायचं नाही, उठवायचंच. मी धावत डबा काढला, पट्ट्या बाजूला केल्या, आणि…"

तिने रिकाम्या डब्याकडे बोट दाखवलं. या बाईला नवरा नाही, मूल नाही. अशा बायकांबद्दल लोक जे बोलतात ते मला ठाऊक आहे, कारण ते माझ्याबद्दलही बोलतात. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. मला असलं फारसं जमत नाही, पण ठेवला.

झाकणाच्या आतल्या बाजूला एक पाकीट चिकटवलेलं होतं. मी उघडून पाहिलं. दगडूचे कागद, त्याच्या कातडीखाली टोचलेल्या चिपचा नंबर, सगळं जागच्या जागी होतं. पाकिटाला कोणी हातही लावलेला नव्हता.

"रविवारचे आकडे दाखव."

तिने वही दिली. चार नंबरच्या पानावर अकरा रविवार होते. २१९६, २१९४, २१८९, २१८८, २१८३, २१८१, २१७६, २१७५. आणि मग २१७१, २१६७, २१६३.

मी ते आकडे दोनदा वाचले, तिसऱ्यांदा वजाबाक्या करत वाचले. पहिले आठ आठवडे दगडू कधी दोन ग्रॅमने हलका झाला, कधी पाचने, कधी एकानेच. शेवटचे तीन आठवडे मात्र चार, चार आणि चार.

"ताई, जिवंत प्राणी इतका शिस्तीचा नसतो," मी म्हटलं. "तुझा दगडू तीन आठवड्यांपूर्वी गेला. आठव्या रविवारनंतर आणि नवव्याच्या आधी. त्या आठवड्यात या खोलीत कोण कोण आलं होतं?"

तिने बोटं मोजली. तीनच माणसं. आणि तिसऱ्याचं नाव घेताना ती उगीचच हसली. "छे, ते कसले!"

३

पहिला फ्रीजवाला. उजवीकडच्या फ्रीजचं तापमान वरखाली व्हायला लागलं म्हणून त्याला बोलावलं होतं. त्याच्या दुकानात गेले तेव्हा तो एका जुन्या फ्रीजच्या पोटात डोकं घालून बसला होता.

"ती बाई होय!" तो डोकं बाहेर काढत म्हणाला. "मला वाटलं डब्यांत केक आहेत. एक डबा उघडायला गेलो तर फाडकन हातावर मारलं. मग म्हणाल्या, आत कासव आहे. मी म्हटलं, बाई, मेलेलं कासव फ्रीजमध्ये कशाला ठेवता? तेव्हा तर पुन्हा मारायच्याच बाकी होत्या मला."

"दर रविवारी त्यांचं वजन करतात, ते ठाऊक आहे का तुम्हाला?"

"वजन? विकतात की काय किलोवर?"

मी त्याला तिथेच सोडलं. ज्याला कासव झोपलंय की मेलंय हे कळत नाही, तो वजन जुळवून वाळू भरणार नाही.

दुसरा पालवाला. आमच्याच इमारतीत, समोरच्या घरात राहतो. परदेशी पाली वाढवतो आणि त्यांचे व्हिडिओ करतो. त्याला पालवाला म्हटलेलं आवडत नाही. "गेको म्हणा हो, गेको," म्हणतो. अंगावर रंगीत ठिपके आले म्हणून पालीचं नाव बदलत नाही, असं मी त्याला सांगते.

त्याच्या खोलीत भिंतभर खण होते आणि प्रत्येक खणात एक पाल. केशरी, लिंबाच्या रंगाची, एक तर चक्क पांढरीफेक. खिडकीजवळ काचेच्या एका पेटीत जिवंत शेवाळ, छोटी झाडं आणि घाण खाऊन सफाई करणारे किडे.

"गेल्या वर्षी सगळ्यांना पिवळी हवी होती, यंदा काळी," तो हातावरच्या पालीला बोटाने चुचकारत म्हणाला. "कपड्यांसारखी फॅशन बदलते, मावशी. बिचाऱ्या यांना ठाऊकही नसतं आपण जुन्या झालो ते."

"तू मास्तरांकडे दगडू मागितला होतास म्हणे."

"दोनदा. एवढं जुनं, कागद असलेलं कासव आजकाल कुठे मिळतं? नाही म्हणाले. विषय संपला. ताईंकडे मी बघायला जायचो, तेसुद्धा दारातून. हात धुतल्याशिवाय त्या आत घेत नाहीत."

मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "समजा, झोपलेल्या कासवाच्या डब्याचा तळ ओला दिसला तर रे?"

तो ताडकन उभा राहिला. हातातली पाल घाईघाईने खणात ठेवली. "कोणाचा? ओला कधी दिसला? मावशी, गप्पा काय मारताय, आधी उठवा त्याला! कोमट पाण्यात ठेवा!" आणि तो चपला न घालताच निघाला.

त्याला आवरता आवरता मला खरं सांगावं लागलं. दगडू डब्यात नाही, हे त्याला कळलं. तिथेच माझी चूक झाली.

संध्याकाळी कासवताईचा फोन आला. "मावशी, पालवाल्याने व्हिडिओ टाकलाय. 'फ्रीजमधून कासव गायब.' तिघांचे फोन येऊन गेले. उद्या सकाळी आमची कासवं घेऊन जातो म्हणतात. भर हिवाळ्यात! मावशी, ती मरतील हो."

४

पालवाल्याची मी जी कानउघाडणी केली ती इथे लिहिण्यासारखी नाही. तो खजील झाला, व्हिडिओ काढून टाकला, पण बोभाटा व्हायचा तो झालाच. कासवताईने तिघांच्या हातापाया पडून बुधवारपर्यंतची मुदत मागून घेतली. म्हणजे माझ्याकडे एकच दिवस होता.

तिसरा माणूस म्हणजे स्वतः मास्तर. दर गुरुवारी चार वाजता ते येत, काचेच्या दारासमोर स्टूल टाकून अर्धा तास बसत, आणि चहा पिऊन जात. कासवताईच्या मते त्यांच्यावर संशय घेणं म्हणजे पाप. मी त्यांच्याआधी त्यांच्या लेकीला भेटायचं ठरवलं. दगडूला कासवताईकडे ठेवण्याचा आग्रह तिचाच होता आणि दर रविवारचा आकडा तिलाही जायचा.

लेक शहराच्या टोकाला औषधांच्या एका मोठ्या गोदामात व्यवस्थापक. मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत ती मला भेटली. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, बोलणं भराभर. व्हिडिओचं तिला काही ठाऊक नव्हतं आणि मीही सांगितलं नाही. कासवताईची वरची शेजारीण, मास्तरांची चौकशी करायला आले, एवढंच म्हटलं.

"आई गेल्यापासून बाबा एकटे आहेत," ती म्हणाली. "माझ्याकडे चला म्हणते तर नको म्हणतात. शेवटी ठरलं, हा हिवाळा त्यांनी काही गडबड न करता काढून दाखवायचा. काढला तर राहू दे तिथेच. नाहीतर उन्हाळ्याच्या आत माझ्याकडे. दगडूचं हिवाळ्यात फार बघावं लागतं, म्हणून तो ताईंकडे."

"गडबड म्हणजे?"

ती काहीतरी सांगणार होती. तेवढ्यात एक मुलगी हातात यादी घेऊन आली. शीतखोल्यांची तपासणी करायची होती.

"एक ते तीन मी करते. चार नंबरला तू जा," लेक तिला म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "आई गेली तेव्हा बाबांनी हॉस्पिटलमध्ये जे केलं… जाऊ दे. ते ताळ्यावर नव्हते. परत तसं झालं तर मी त्यांना एकटं ठेवू शकत नाही. तुम्हीच सांगा, ठेवू शकते का?"

तिथून थेट मास्तरांच्या घरी गेले.

५

दार उघडायला मास्तरांना वेळ लागला. बाहेर स्वेटरवर कोट घालायची थंडी, आणि मास्तर बनियनवर. कपाळावर घाम.

"या, मापेबाई!" ते म्हणाले. लोक मला असं म्हणतात हे मला माहीत होतं. तोंडावर म्हणत नाहीत अशी माझी समजूत होती.

घर निगुतीने ठेवलेलं. आतल्या खोलीचं दार बंद, त्याच्या फटीतून पिवळाधमक उजेड. टेबलावर पालेभाजीच्या दोन जुड्या, एक अर्धी खाल्लेली, कच्चीच. शेजारी पेल्यात मास्तरांची कवळी.

"हिरड्या सुजल्यात," ते संकोचून म्हणाले. "पंधरा दिवस झाले, पेज नाहीतर सूप. बसा ना."

फळीवर त्यांच्या शाळेच्या प्रयोगशाळेतला जुना तराजू होता. निवृत्तीच्या वेळी शाळेने भेट दिलेला. पितळी वजनांवरचा शिक्का मी ओळखला, तो माझ्याच खात्याचा होता. फळीवर धूळ होती, पुस्तकांवर धूळ होती. तराजूची पारडी मात्र लख्ख.

मी सरळ विषयाला हात घातला. "मास्तर, वाईट बातमी आहे. दगडू डब्यातून नाहीसा झालाय."

ते खाली बसले. कपाळावरचा घाम पुसला. मग म्हणाले, "कासवताईंना फार त्रास झाला का हो?"

तो कुठे गेला, कधी गेला, कोणी नेला, यांतलं त्यांनी काहीच विचारलं नाही.

मी चहा नको म्हणून उठले. जिन्यात आल्यावर मला थोडं थांबावं लागलं. उलगडा झाला की मला बरं वाटतं, नेहमी वाटत आलंय. त्या दिवशी वाटलं नाही.

६

"एक सांग," मी कासवताईला विचारलं. "मास्तर गुरुवारी येतात तेव्हा हातात काय असतं?"

"खांद्याला कापडी पिशवी. स्वेटर असतो म्हणतात."

"तीन आठवड्यांपूर्वीच्या गुरुवारी?"

तिने आठवून पाहिलं. "तीच. जड होती. येताना धापा टाकत आले, म्हणून मी पिशवी घेऊ लागले तर देईनात. जाताना पण तशीच खांदा वाकवून घेऊन गेले. मग त्यात नवीन काय?"

"येतानाही जड, जातानाही तितकीच जड. तू चहा करायला गेलीस तेवढ्यात आतलं ओझं बदललं."

मी तिला एकेक करून सांगितलं. ज्याने हे केलं त्याला ठाऊक होतं की डबा दर आठवड्याला हलका व्हायला हवा. म्हणून त्याने दगड ठेवला नाही, ओली वाळू ठेवली, म्हणजे पाणी उडत जाईल आणि वजन उतरत जाईल. फ्रीजवाल्याला वजनाचा पत्ताच नव्हता. पण त्याच माणसाला हे ठाऊक नव्हतं की झोपलेल्या कासवाच्या डब्यातली ओल म्हणजे धोक्याची घंटा. पालवाल्याला ते ठाऊक होतं, ओल म्हटल्याबरोबर तो अनवाणी धावला. विकायला नेणाऱ्याने कागद नेले असते, कागद इथेच आहेत. वजनाचे आकडे मिळणारी माणसं दोनच, आणि लेक या खोलीत कधी आलेलीच नाही.

"आणि ओल्या वाळूतलं पाणी ठरलेल्या थंडीत ठरलेल्या वेगाने उडतं, हे कोणाला सुचेल? ज्याने जन्मभर मुलांना विज्ञान शिकवलं त्याला. सुजलेल्या हिरड्यांनी मास्तर कच्चा पाला खातात यावर तुझा विश्वास बसतो का?"

कासवताईच्या चेहऱ्यावर राग येईल असं मला वाटलं होतं. तिचं काम, तिचं नाव, सगळं या माणसापायी पणाला लागलं होतं. पण ती उठली आणि फडताळातून काटा, थर्मामीटर आणि एक छोटी बाटली काढून पिशवीत टाकू लागली.

"चला," ती म्हणाली. "तीन आठवडे तो जागा आहे. त्याला बघायला हवं."

७

मास्तरांनी दार उघडलं, आम्हा दोघींना पाहिलं आणि बाजूला झाले. आतल्या खोलीत पलंग भिंतीला लावला होता. जमिनीवर जुनी सतरंजी, वर टांगलेला दिवा, आणि त्या उजेडात मान ताणून, डोळे मिटून दगडू शेकत पडला होता.

कासवताई गुडघ्यांवर बसली. त्याचे डोळे पाहिले, नाक पाहिलं, पाय ओढून पाहिले, काट्यावर ठेवलं. "चौदाशे दोन," ती म्हणाली. "खातोय. पाणी पितोय. मास्तर, छान ठेवलंय तुम्ही त्याला." आणि मग तिला रडू फुटलं. "पण मला का नाही सांगितलंत?"

मास्तर पलंगाच्या कडेला टेकले.

"काय सांगणार होतो? कासवाला थंडी वाजते म्हणून?" ते म्हणाले. "ही गेली तेव्हा लेक परदेशात होती. यायला चार दिवस लागले. तोवर हिला हॉस्पिटलात ठेवलं होतं. स्टीलचं कपाट, त्याला कप्पे, कप्प्यांना नंबर. हिचा चार. मी रोज जाऊन समोर बसायचो. तिसऱ्या दिवशी तिथल्या माणसाला म्हटलं, पाच मिनिटं बाहेर काढा हो, तिला गारठा सोसत नाही, शाल तरी घालतो. तो नाही म्हणाला तेव्हा मीच कप्पा ओढायला गेलो. त्यांनी लेकीला फोन केला, वडिलांचं डोकं ठिकाणावर नाही म्हणून."

त्यांनी पायाने सतरंजीचं टोक सरळ केलं.

"मला कळत होतं हो ती गेलीय. पस्तीस वर्षं विज्ञान शिकवलंय मी. पण तिला गारठा सोसत नाही, हेही मला माहीत होतं ना. मग दगडू तुमच्याकडे आला. मी पहिल्या गुरुवारी आलो, बघतो तर थंड काच आणि काचेमागे चार नंबर. आठ गुरुवार बसलो तसाच. नवव्या गुरुवारी नाही जमलं."

कासवताईने तोंडावर हात धरला. नंबर तिनेच लिहिले होते. कासवं ज्या क्रमाने आली त्या क्रमाने, निळ्या शाईने, काहीही मनात न आणता.

मी आयुष्यात कोणाचं खोटं वजन पोटात घातलं नाही. त्या दिवशी मात्र मनात आलं, घालावं. लेकीला काही सांगू नये. पण मग त्या आठ कासवांचं काय, आणि कासवताईचं काय? तेवढ्यात दाराची घंटा वाजली.

लेक होती. तिला कोणीतरी तो व्हिडिओ पाठवला होता.

"तुम्ही दुपारी माझ्यासमोर बसलात आणि बोलला नाहीत!" ती माझ्यावर कडाडली. मग कासवताईकडे वळली. "आणि तुम्ही! आईने वाढवलेलं जनावर तुमच्या भरवशावर ठेवलं मी, आणि तुम्ही…"

सतरंजीवर खरखर झाली. दगडू पाय ओढत दाराशी आला आणि तिच्या बुटाला नाक लावून थांबला.

मास्तर उठून उभे राहिले. वर्गात निरीक्षक आल्यावर राहत असतील तसे, ताठ. "मी आणला त्याला. ताईंचा काही दोष नाही. त्याच्या जागी वाळू मी ठेवली. आता तू म्हणशील तिथे येतो."

लेकीने त्यांच्याकडे पाहिलं, दगडूकडे पाहिलं. तिचा आवाज एकदम खाली आला. "कितव्या नंबरच्या डब्यात होता तो?"

"चार," कासवताई म्हणाली.

ती जिथे उभी होती तिथेच खाली बसली. पर्स खांद्यावरून घसरली, तिने उचलली नाही.

"तो कागद मी भरला होता, बाबा. फोनवरून. त्यांनी विचारलं, चार नंबर रिकामा आहे, ठेवायचं का? मी म्हटलं ठेवा, मी येतेय." तिने दगडूच्या पाठीवर हात ठेवला. "गोदामात चार नंबरची शीतखोली आहे. तेव्हापासून मी त्या खोलीत पाऊल टाकलेलं नाही. रोज दुसऱ्या कोणाला तरी पाठवते. मग ताळ्यावर नाही कोण? तुम्ही एकटेच?"

मास्तरांना खाली बसायला त्रास होतो. तरी ते हळूहळू बसले, लेकीच्या शेजारी, सतरंजीवर. मी कासवताईला खुणावलं आणि आम्ही बाहेरच्या खोलीत आलो. पाल्याची जुडी तशीच पडली होती. मी तिच्यातली चांगली पानं वेगळी करत बसले, कारण हाताला काहीतरी काम हवं होतं.

थोड्या वेळाने लेक बाहेर आली आणि आमच्यासमोरच तिने सगळ्या मालकांना निरोप लिहिला. दगडू आमच्या घरी सुखरूप आहे, तो आम्हीच ताईंना न सांगता आणला, चूक आमची, तुमची कासवं झोपू द्या. बुधवारी एकही जण डबा न्यायला आला नाही. पालवाल्यानेही नवा व्हिडिओ केला, हात जोडून. त्यात तो पहिल्यांदाच पालीशिवाय दिसला.

मास्तर आपल्याच घरी राहिले. लेक दर शनिवारी मुक्कामाला येऊ लागली.

कासवताईने त्याच आठवड्यात डब्यांवरचे नंबर खरवडून काढले आणि प्रत्येकावर नाव लिहिलं. पुढच्या हिवाळ्यात दगडूला कुठे ठेवायचं याबद्दल कोणी मास्तरांना काही विचारलं नाही. थंडी सुरू झाली तसे एका गुरुवारी ते स्वतःच आले, खांद्याला तीच जड पिशवी. दगडूला त्यांनी आपल्या हाताने डब्यात ठेवलं, पट्ट्या सारख्या केल्या, झाकण लावलं. मग काचेसमोर स्टुलावर बसले. त्या दिवशी मी मुद्दाम खाली गेले होते, आणि त्यांच्या मागे उभी होते.

निळ्या शाईत लिहिलेलं ते नाव मास्तर बराच वेळ वाचत राहिले. नंतर त्यांनी स्वेटरची बटणं लावली.

"झोपला," ते मला हळूच म्हणाले. "चला, मापेबाई, आवाज नको."